मोटारीचा हॉर्न

बंगळूर शहरात टाउन हॉलपासून मिनर्व्हा चौकाकडे जाणाऱ्या रस्त्याला म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांचे नाव आहे. शहर त्याला नुसते ‘जे. सी. रोड’ म्हणते. ह्याच रस्त्यावर रवींद्र कलाक्षेत्र आहे आणि तेथे सायंकाळी नाटके व गायनाचे कार्यक्रम होतात. उरलेला रस्ता बव्हंशी मोटारींच्या सुट्या भागांचा आणि साजशृंगाराचा बाजार आहे. नवी गाडी घेतलेला मनुष्य पहिल्या काही महिन्यांत एकदा तरी ह्या बाजारात येतो. आधी बैठकींच्या खोळी होतात, मग पायाखालची मॅटे होतात आणि मग, निघता निघता, थोडेसे चाचरत तो विचारतो, “जरा मोठ्या आवाजाचा हॉर्न आहे का?”

दुकानदाराला ह्या प्रश्नाचे नवल वाटत नाही. “सिंगल की डबल, साहेब?” एवढेच तो विचारतो.

ह्या गिऱ्हाइकाला उथळ समजून बाजूला सारणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. नोकरीच्या निमित्ताने बंगळुरात स्थायिक झालेले, मूळचे कोल्हापूरकडचे एक गृहस्थ डोळ्यांपुढे आणावेत. तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, धारवाड, बेळगाव अशी गावे मागे टाकीत ४८ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने ते दिवाळीला घरी निघाले आहेत. मागच्या बैठकीवर वृद्ध आई आणि मुलगी आहे. पुढे एक मालमोटार सरळ चालली आहे. ते तिच्या बाजूने पुढे जाऊ लागतात, आणि गाडी तिच्या मधल्या चाकांपाशी आली असतानाच ती मालमोटार त्यांच्या बाजूला सरकू लागते. गृहस्थ हॉर्न दाबतात. त्या लहानशा गाडीतून ‘पीं’ असा जो काही ध्वनी निघतो, तो वरच्या केबिनपर्यंत पोहोचतच नाही. ब्रेक लागतो, आईचे कपाळ पुढच्या बैठकीवर आपटते, मालमोटार आपल्या वाटेने निघून जाते. तिच्या चालकाला काही घडल्याचा पत्ताही नसतो. ह्या प्रसंगानंतर त्या गृहस्थांनी जे. सी. रोड गाठला, तर त्यांना हौशी कोण म्हणेल?

तेव्हा प्रश्न हौसेचा नाही. कारखान्याने दिलेला हॉर्न दुबळा असतो काय, असेल तर का असतो, आणि तो बदलून नेमके काय मिळते, हे पाहिले पाहिजे.

मोटारीचा विजेचा हॉर्न हे फार साधे यंत्र आहे. एका डबीत विद्युतचुंबक असतो व त्याच्यासमोर पोलादी पत्र्याचा पातळ पडदा ताणलेला असतो. वीज वाहू लागली की चुंबक पडद्याला ओढतो; ओढला जाताना पडदा आतील दोन संपर्कबिंदूंची फारकत करतो आणि वीज तुटते; वीज तुटली की पडदा मागे येतो व संपर्क पुन्हा जुळतो. एका सेकंदात ही ओढाताण चारशे-पाचशे वेळा चालते आणि तिचाच तो आवाज. पडद्यावर एखादी चकती बसवली की तीक्ष्ण, चिरका ध्वनी मिळतो. पडद्यापुढे शंखासारखी वेटोळी घेतलेली नळी जोडली की भरदार, गोल ध्वनी मिळतो. पहिल्या प्रकाराला बाजारात डिस्क हॉर्न म्हणतात. दुसरा त्याच्या आकारामुळे चटकन ओळखू येतो. महागड्या मोटारींत बहुधा दोन हॉर्न असतात, एक खर्जाकडचा व एक वरचा, आणि दोन्ही एकदम वाजतात. स्वस्त गाडीत, किंवा त्याच गाडीच्या स्वस्त आवृत्तीत, पुष्कळदा एकच चकतीचा हॉर्न असतो. एक हॉर्न, एक कंस आणि हातभर तार यांची जी काही बचत होते, ती लाखो गाड्यांवर मोजली म्हणजे कारखानदाराचा हिशेब कळतो.

हॉर्न आला कोठून, ह्याची कथाही थोडक्यात सांगण्याजोगी आहे. १८६५ च्या इंग्लंडमधील कायद्याने यांत्रिक गाडीच्या पुढे साठ यार्डांवर एका माणसाने लाल निशाण घेऊन चालावे असे फर्मावले होते. पुढे निशाण गेले. १८९६ साली नवा कायदा आला तेव्हा गाडीपुढे चालणारा माणूसही गेला, आणि त्याच्या जागी गाडीवर ‘घंटा किंवा अन्य साधन’ असावे असे ठरले. म्हणजे हॉर्न हा त्या पुढे चालणाऱ्या माणसाचा वारस आहे. आपल्याकडे पालखीपुढे ललकारी देणारे चोपदार होते. टांगेवाला “बाजू, बाजू” असे ओरडत पायाने घंटा वाजवी. बंगळूर-म्हैसूरकडे टांग्यासारख्याच घोडागाडीला जटका म्हणत, तिचा चालकही तोंडानेच वाट मागे. ह्या सर्व हाकांत एक गुण होता. हाक मारणाऱ्याला समोरचा मनुष्य दिसत असे, आणि म्हातारी बाई असेल तर हाकेचा सूर बदलत असे.

रबराचा फुगा दाबून वाजणारे भोंगे नंतर आले. मग १९०८ च्या सुमारास अमेरिकेत मिलर रीझ हचिसन ह्या संशोधकाचा ‘क्लॅक्सन’ बाजारात आला. किंचाळणे ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव घेतलेले होते. ह्याच हचिसनने बहिऱ्यांसाठी विजेवर चालणारे श्रवणयंत्रही तयार केले होते. आधी लोकांना बहिरे करावे आणि मग त्यांना यंत्र विकावे असा त्याचा बेत असावा, असा विनोद त्या काळी त्याच्यावर होत असे. जर्मनीच्या बॉश कंपनीचा हॉर्न १९२१ साली निघाला. आज भारतात वापरले जाणारे हॉर्न बऱ्याच अंशी भारतातच तयार होतात. कोइमतूरचे नाव ह्या धंद्यात विशेष घेतले जाते.

१८९६ च्या त्या इंग्रजी कायद्यातील एक शब्दप्रयोग मात्र समुद्र ओलांडून इकडे आला आणि अजून टिकून आहे. गाडीवरील साधन ‘ऐकू येण्याजोगी आणि पुरेशी सूचना’ देणारे असावे, असे तो कायदा म्हणत होता. भारताच्या १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांतील ११९ वा नियम जवळजवळ हेच शब्द वापरतो. त्याच नियमाचा पुढला भाग सांगतो की, एकामागून एक निरनिराळे स्वर काढणारा हॉर्न, किंवा अकारण कर्कश, तीव्र, मोठा वा भयकारक आवाज करणारे साधन गाडीवर असता कामा नये. रुग्णवाहिका, अग्निशामक दल, पोलीस यांच्या गाड्यांना तेवढी सूट आहे. सरकारी भाषेत शब्द फार असतात अशी तक्रार नेहमी होते. येथे मात्र सारा वाद ‘पुरेशी’ ह्या एका शब्दात मावला आहे. पुरेशी कोणाला?

ह्याचे उत्तर आकड्यांतही दिलेले आहे. गाडीवर बसवलेल्या हॉर्नचा आवाज तिच्यासमोर सात मीटरांवर मोजला असता ९३ डेसिबेलहून कमी नसावा व ११२ हून अधिक नसावा, असे मानक मोटारींसाठी ठरले आहे. ह्या दोन आकड्यांमधले अंतर दिसते त्याहून फार मोठे आहे. डेसिबेलचे गणित बेरजेचे नसते. दहा डेसिबेल वाढले की ध्वनीची शक्ती दहापट होते, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. तेव्हा कायद्याच्या खालच्या टोकाचा हॉर्न आणि वरच्या टोकाचा हॉर्न, दोन्ही निर्दोष असूनही, कानाला एकाच्या चौपट दुसरा वाटेल. कोल्हापूरकर गृहस्थांची तक्रार म्हणूनच खोटी नाही.

दुकानदाराचे “डबल लावा, आवाज डबल होईल” हे आश्वासन मात्र खोटे आहे. एकसारख्या दोन हॉर्नांनी आवाज फक्त तीन डेसिबेलने चढतो. कानाला तो थोडासाच अधिक भासतो. दोन हॉर्नांचा खरा लाभ वेगळा आहे. त्यांचे स्वर भिन्न असतात, आणि इंजिनाच्या घरघरीत, टायरांच्या सळसळीत एकच चिरका सूर बुडून जातो तसे दोन सूर बुडत नाहीत. माणसाचा कान दोन ते साडेतीन हजार कंपनांच्या पट्ट्यात अतिशय जागरूक असतो. चांगला हॉर्न आपली बरीचशी शक्ती त्याच पट्ट्याच्या आसपास खर्च करतो. म्हणून तो गोड लागत नाही, आणि लागूही नये.

ह्या ठिकाणी एका सूचनेची आठवण होणे अपरिहार्य आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिक येथे केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी, गाड्यांच्या हॉर्नमधून बासरी, तबला, व्हायोलिन, पेटी अशा भारतीय वाद्यांचेच आवाज यावेत असा कायदा करण्याचा विचार बोलून दाखवला. रुग्णवाहिकेसाठी तर आकाशवाणीची पहाटेची धून वापरावी, असेही त्यांनी सुचवले. त्या धुनेचे कर्तृत्व वॉल्टर कॉफमन यांच्याकडे दिले जाते. ती ऐकत ज्यांनी दात घासले व दप्तरे भरली, अशा श्रोत्यांना ही सूचना सुखावून जाईल. परंतु बंगळुरातच राहिलेल्या सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी मृदंग-तबल्याच्या ध्वनीचा जो अभ्यास केला, तो असे दाखवतो की ह्या वाद्यांच्या शाईमुळे त्यांतील वरचे स्वर मूळ स्वराशी जुळून येतात, आणि म्हणून ती सुरेल लागतात. सुरेल ध्वनी मनाला विसावा देतो. समोर येणाऱ्या मालमोटारीच्या चालकाला त्या क्षणी विसावा देऊन कसे चालेल?

आता पुन्हा त्या गृहस्थांकडे वळावे. त्यांचा हॉर्न दुबळा आहे हे त्यांनी कोठे बसून ठरवले? गाडीत बसून. काचा वर, वातानुकूलन चालू, बहुधा गाणीही चालू. हल्लीच्या मोटारी बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून मुद्दाम जाड गाद्यांनी व रबरांनी बंद केलेल्या असतात. विक्रेता त्या शांततेचे पैसे घेतो. हॉर्न मात्र पुढच्या जाळीमागे, तोंड बाहेर करून बसवलेला असतो. परिणाम असा की, गाडीचा हॉर्न सर्वांत कमी कोणाला ऐकू येत असेल तर तो वाजवणाऱ्याला. पादचाऱ्याला तो कानठळ्या बसवतो, आणि मालकाला वाटते की, बिचारा, घसा बसल्यासारखा वाजतो आहे. जे. सी. रोडवरची पुष्कळशी विक्री ह्या एका भ्रमावर चालते, असे म्हणण्यास हरकत नाही.

म्हणून खरेदीच्या आधी एक प्रयोग करावा. मोकळ्या जागी, दिवसा, कोणाची झोपमोड होणार नाही अशा ठिकाणी गाडी उभी करावी, घरातल्या दुसऱ्या माणसाला आत बसवावे, स्वतः दहा पावले पुढे उभे राहावे आणि हॉर्न एकदाच वाजवण्यास सांगावे. पुष्कळांचा विचार तेथेच बदलेल. ज्यांचा बदलणार नाही त्यांनी आणखी एक तपास करावा. हॉर्नच्या टोकाशी बॅटरीचा पुरा दाब पोहोचतो की नाही, हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावे. अर्थिंगचा बोल्ट गंजलेला असणे, जोडणीत पाणी शिरलेले असणे, ही दुबळेपणाची फार सामान्य कारणे आहेत. पॉलिश-कागदाचा एक तुकडा अशा वेळी नव्या हॉर्नचे काम करतो.

ह्यातून पार पडूनही नवा जोड बसवायचाच, तर तो मानकाचा शिक्का पाहून घ्यावा आणि नीट बसवावा. जुन्या एका हॉर्नसाठी दिलेल्या तारा बारीक असतात. शंखाच्या आकाराचे दोन हॉर्न मिळून आठ-दहा अँपियर वीज सहज ओढतात, आणि तेवढी वीज स्टिअरिंगवरच्या नाजूक बटणातून नेली तर कधी फ्यूज जातो, कधी बटण जळते, कधी ताराच तापतात. ह्यावर उपाय रिलेचा. बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज घालून जाड तार रिलेला आणावयाची, तेथून ती हॉर्नला द्यावयाची, आणि कारखान्याच्या जुन्या तारांनी फक्त रिले जागा करावयाचा. रिलेच्या पायांवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे कोरलेले असतात: तीसवर बॅटरी, सत्त्याऐंशीवर हॉर्न, उरलेल्या दोहोंवर बटणाची बारीक वीज. मूळच्या तारा कापू देऊ नयेत. जुळणारे कपलर मिळतात, ते वापरावे, म्हणजे गाडीच्या हमीचा वाद उद्भवत नाही. शंखाचे तोंड खाली झुकते ठेवावे, नाहीतर पहिल्याच पावसात त्यात पाणी साठते. गडबडीतला कारागीर नेमके हेच विसरतो.

आणि हवेच्या दाबावर वाजणारे, मालमोटारींचे वा आगगाडीचे आवाज काढणारे जे हॉर्न त्याच दुकानांत मागच्या फळीवर असतात, त्यांना हात लावू नये. ते ११९ व्या नियमात बसत नाहीत.

येथवर महामार्गाचा विचार झाला. पण ते गृहस्थ वर्षातून दोनदा कोल्हापूरला जातात आणि उरलेले दिवस बंगळुरातच गाडी चालवतात. एका आंतरराष्ट्रीय पाहणीनुसार २०२३ मध्ये बंगळूरच्या मध्यभागात दहा किलोमीटर जाण्यास सरासरी २८ मिनिटे १० सेकंद लागत होते. पुण्याचा आकडा त्याच्या जवळच, २७ मिनिटे ५० सेकंद, असल्याने पुणेकर श्रोत्यांनी हसू नये. ह्या गतीला हॉर्नने सुचवण्याजोगे काय उरते? पुढच्या गाडीपुढे गाडी, तिच्यापुढे सिग्नल. रांगेतला हॉर्न कोणालाही वाट मागत नाही, कारण वाट कोणापाशीच नसते. तो फक्त वाजवणाऱ्याचा वैताग मोकळा करतो. तोही अर्धवटच, कारण मागचा हॉर्न लगेच सुरू होतो.

ज्यांच्या कानांवर हे पडते ते रांगेत नसतात. जे. सी. रोडपासून थोड्याच अंतरावर व्हिक्टोरिया रुग्णालय आहे. होसूर रस्त्यावर मनोविकार व मेंदूविकारांचे प्रसिद्ध रुग्णालय निम्हान्स आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरांपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र होऊ शकतो, आणि तेथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबेल ही मर्यादा आहे. निवासी भागात ती ५५ व ४५ आहे. आता थोडा हिशेब करावा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबेलने उतरतो. कायद्याने चालणारा सर्वांत गरीब हॉर्न, सात मीटरांवर ९३ डेसिबेलचा, चौदा, अठ्ठावीस, छप्पन्न करीत ११२ मीटरांवर गेला तरी ६९ डेसिबेलचा उरतो. नियमातील मर्यादा सरासरी आवाजाच्या असतात, क्षणभराच्या नव्हे, हे खरे. पण झोपलेला रोगी सरासरीने दचकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये निवासी भागात रात्री हॉर्नला मनाई करण्याचा आदेश दिला, आणि २०१० मध्ये नियमांतच दुरुस्ती होऊन शांतता क्षेत्रात सर्व वेळ व निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा, सार्वजनिक आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवण्यास बंदी आली. मोटारवाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने विनाकारण वा सतत हॉर्न वाजवणाऱ्यास पहिल्या वेळी एक हजार व पुढे दोन हजार रुपये दंड सांगितला आहे.

दंडाने हात किती आवरले, हे कोणत्याही चौकात पाच मिनिटे उभे राहून समजते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये मालवाहू गाड्यांच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ ही पाटी बंद केली. पाटी बऱ्याच ठिकाणची गेली, हॉर्न राहिला. मुंबई पोलिसांनी २०१९ च्या अखेरीस काही चौकांत एक मजेदार प्रयोग केला. सिग्नलला ध्वनिमापक जोडला. गोंगाट ८५ डेसिबेलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. जानेवारी २०२० मध्ये त्याचे चित्रण देशभर पाहिले गेले. कर्नाटकातही जानेवारी २०२५ मध्ये एका वाहतूक पोलिसाने कर्कश हॉर्न वाजवणाऱ्या चालकांना गाडीतून उतरवून त्यांच्याच हॉर्नपुढे कान देऊन बसवल्याचे चित्रण पसरले. ही शिक्षा कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही, आणि तिच्या रीतीविषयी आक्षेपही घेता येईल. पण वाजवणाऱ्याला गाडीबाहेर आणून ऐकवावे, एवढे त्या शिपायाला बरोबर सुचले होते.

कोल्हापूरकर गृहस्थांनी अखेर काय करावे? महामार्गावरचा त्यांचा प्रसंग खरा होता, आणि आईच्या कपाळावरची खूणही खरी. एका चकतीऐवजी मानकात बसणारा दोन स्वरांचा जोड, रिलेसह, त्यांनी खुशाल बसवावा. मालमोटारीच्या केबिनपर्यंत त्याचा सूर पोहोचण्याची शक्यता वाढेल. खात्री मिळणार नाही, कारण मालमोटारीच्या चालकाच्याही काचा वर असू शकतात. म्हणून तिच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तेथे रेंगाळू नये, आणि रात्री हॉर्नआधी दिव्यांची उघडझाप करावी, हे जोडीने आलेच. काम पुरे झाले की कारागीर आपल्या सवयीने बटणावर हात ठेवील व म्हणेल, “बघा साहेब, कसा वाजतो.” तेव्हा त्यांनी आत बसू नये. गाडीपुढे जाऊन, पदपथावरून चालणाऱ्या माणसांच्या ओळीत उभे राहावे, आणि मग त्याला सांगावे, “वाजव. पण एकदाच.”